मदत हवी आहे: सिलॉजिझममधलं 'फक्त काही'
बँक पीओच्या पूर्वपरीक्षेची तयारी करतेय. रीझनिंगचे 35 प्रश्न, 20 मिनिटं, आणि मी सिलॉजिझमपाशीच (दिलेली विधानं खरी मानून निष्कर्ष निघतो का ते ठरवायचे प्रश्न) अडकते.

कालचंच बघा: 'फक्त काही पेन पेन्सिली आहेत. सर्व पेन्सिली वह्या आहेत.' निष्कर्ष: 'सर्व पेन वह्या असण्याची शक्यता आहे.' मी चूक म्हटलं, उत्तर बरोबर निघालं! 'फक्त काही' म्हणजे काही पेन पेन्सिली नाहीतच, एवढं कळतं. मग वर्तुळांची आकृती काढताना उरलेले पेन वह्यांच्या वर्तुळात खुशाल ढकलायचे का? म्हणजे बंदी पेन्सिलींपुरतीच?

आणि 'किंवा' वालं उत्तर (म्हणजे 'निष्कर्ष 1 किंवा 2 यांपैकी एक बरोबर') नेमकं कधी धरायचं? 'काही आहेत' आणि 'एकही नाही' ही जोडी ओळखते, पण 'सर्व आहेत' आणि 'काही नाहीत' दिसलं की गडबडते. वर्तुळं न काढता पटकन ओळखायची काही युक्ती आहे का? ताई-दादांनो, सांगा ना.