आईसारखं माझंही होऊ नये म्हणून व्हिटॅमिन घ्यावीत का?

कृष्णाकाठची :
नमस्कार. जरा लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आई ७९ वर्षांची. मागच्या नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगाच्या पाटावर बसली आणि म्हणाली, "छातीत चिमणी फडफडतेय गं." आम्ही हसलो. दुपारी ईसीजीत निघालं एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे ठेक्यात आवळण्याऐवजी नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात, असं डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून समजावलं. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे.

न्यू जर्सीचा धाकटा भाऊ धास्तावला. संक्रांतीला आला तो बॅगेत माझ्यासाठी डबेच घेऊन : माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, डी-३ दोन हजार युनिटचं, मॅग्नेशियम. "आईला झालं, तुलाही होईल. तू आत्ताच बांध घाल." माझं वय ५६. आमच्या घरात मासा कोणी शिवत नाही, पण भावाची माया म्हणून नाक दाबून रोज चार गिळते. केसांसाठी पार्लरवालीने दिलेली गोळी वर्षभर चालू आहे ती वेगळी.

आणि आता महिनाभर रात्री मलाच धडधड! ईसीजी चांगला आला. पण थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच फारच कमी, ०.०६, आणि टी-४ वाढलेलं. थायरॉईड जास्त काम करतंय, पुढच्या आठवड्यात औषधाचं बघू, असं डॉक्टर म्हणाले. माझा प्रश्न एवढाच : या व्हिटॅमिनांनी ठोका शाबूत राहतो, की मी उगीच माशाचे ढेकर देतेय?

खलबत्ता :
उगीच देताय, ताई. तीस वर्षं मेडिकल चालवलं, आता दुकान मुलाकडे आहे, म्हणून गिऱ्हाईक तुटायची भीती न बाळगता सांगतो.

नेमका हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत व्हायटल नावाची मोठी चाचणी झाली. पन्नाशीपुढची पंचवीस हजारांवर माणसं, आधी फिब्रिलेशन नसलेली. काहींना डी-३ रोज २००० युनिट, काहींना माशाच्या तेलातलं ओमेगा-३, काहींना दोन्ही, उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच वर्षांहून जास्त लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये निकाल छापून आला : फिब्रिलेशन होण्यात फरक नाही, ना डीने ना ओमेगाने. तुमच्या भावाने आणलेला डीचा डोस अगदी तोच आहे बघा.

मोठ्या डोसचं ओमेगा-३ तर उलटं जाऊ शकतं. रिड्यूस-इट चाचणीत रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए (ओमेगा-३चाच एक प्रकार) घेणाऱ्यांपैकी ३.१ टक्क्यांना फिब्रिलेशन किंवा फ्लटरसाठी (ठोका बिघडण्याचाच भाऊबंद विकार) दवाखान्यात भरती व्हावं लागलं, दुसऱ्या गटात २.१. (त्याच चाचणीत हार्ट अटॅक कमी झाले, हेही खरं. पण ते ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढलेल्या, हृदयाचा धोका असलेल्या लोकांसाठीचं औषध. तुमचा डबा ते नव्हे.) लगेच घाबरू नका. डब्यावर पुढे मोठ्या अक्षरात १००० लिहितात ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात ईपीए-डीएचए, म्हणजे खरं ओमेगा-३ किती ते बघा, साधारण ३०० मिलिग्रॅम निघेल.

मॅग्नेशियमचं थोडं वेगळं आहे. लघवीच्या गोळ्या किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी पडतं, तेव्हा ठोका खरोखर बिघडतो आणि भरून काढावंच लागतं. कमी नसताना वरून ओतून ठोका सुधारत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठतं.

बांधच घालायचा तर बीपी, वजन, दारू आणि घोरणं. घोरताना श्वास अडकणाऱ्यांना हा विकार जास्त होतो. भाऊ घोरतो का हो?

परीक्षानळी :
थांबा, थायरॉईडचं औषध सुरू करण्याआधी ती केसांची गोळी बघा! त्यात बायोटिन (बी गटातलं व्हिटॅमिन) किती आहे? मी लॅबमध्ये काम करते. बऱ्याच यंत्रांच्या किटमध्ये बायोटिनचीच पकड वापरलेली असते. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन उतू जात असेल तर ते ती पकड अडवून बसतं. मग टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि टी-४ खोटंच जास्त. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमची, आणि केसांच्या गोळीत बऱ्याचदा १०,०००! डॉक्टरांना सांगा, गोळी निदान दोन दिवस बंद ठेवून (मी तर आठवडा म्हणेन) पुन्हा रक्त द्या. धडधड रक्त कमी असल्यानेही होते, आणि शाकाहारी आहात, तर त्याच सुईत हिमोग्लोबिन आणि बी-१२ पण उरकून घ्या.

चाकवत :
आईंची गोळी कोणती ते बघा. वॉरफरीन किंवा असेनोकुमारॉल असेल तर व्हिटॅमिन के महत्त्वाचं, कारण ती गोळी केच्याच विरुद्ध काम करते. माझ्या सासऱ्यांनी कोणाचं तरी ऐकून पालेभाजी पार सोडली होती. त्यावर गोळीचा डोस बसला, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचं माप) २.४. मग थंडीत मेथी, चाकवत, पालक रोज ताटात, आणि आयएनआर घसरून १.५! डॉक्टर म्हणाले, भाजी खा, पण आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात जा. अपिक्साबान, डाबिगाट्रानसारख्या नव्या गोळ्यांना भाजीची ही कटकट नाही. आणि तुमच्या कॅप्सूल प्रेमाने आईंना देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

कृष्णाकाठची :
अठरा दिवसांनी लिहितेय. केसांच्या गोळीत बायोटिन १०,०००च होतं! आठवडा बंद ठेवून रक्त दिलं : टीएसएच २.३, टी-४ नॉर्मल. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून डोक्याला हात लावला. पण हिमोग्लोबिन ९.४ आणि बी-१२ फक्त १४८. म्हणजे अमेरिकेहून चार हजारांचे डबे आले त्यात जे हवं होतं तेच नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाली, जिना चढताना दम कमी लागतो, रात्रीची धडधडही बरीच शमली. आईची गोळी अपिक्साबान निघाली, त्यामुळे तिची मेथी सुखरूप आहे.

आणि खलबत्ताकाका, भाऊ घोरतो. वहिनी गेली दोन वर्षं दुसऱ्या खोलीत झोपते. काल फोनवर त्याला झोपेची तपासणी करून घ्यायला सांगितलं, तर म्हणतो, "त्यासाठी काही कॅप्सूल असेल तर बघतो."