वाचलेल्या लेखांच्या लिंका नीट जपायच्या कशा? सोबत आपलं टिपण पण हवंय

पांझराकाठची

नमस्कार मंडळी, प्रश्न साधा आहे पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली, आता नोकरीमुळे पुण्यात. पाणी हा माझा वाचनाचा विषय. जुने बंधारे, बारवा, पाटाचं पाणी, दुष्काळ, जे सापडेल ते वाचते. लेख आवडला की लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲप करते, गेली पाच-सहा वर्षं हेच चाललंय, सातशेच्या वर लिंका झाल्या असतील. गेल्या रविवारी भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी फड पद्धतीवर (नदीवर बंधारा घालून पाटाचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची जुनी रीत) माहिती हवी होती आणि मला पक्कं आठवत होतं की यावर एक फार सुंदर लेख मी वाचलाय, त्यात एका म्हाताऱ्या पाटकऱ्याशी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या माणसाशी, बोलून लिहिलं होतं, पाण्याची पाळी कशी ठरायची, भांडणं कोण सोडवायचं, सगळं. दुपारी तीनला शोधायला बसले ते दिवेलागणीपर्यंत नुसती वर वर सरकवत होते. शेवटी लिंक सापडली. उघडली तर पान नाही. साईटच बंद. लिंकेखाली मी स्वतः काय लिहिलं होतं, तर "मस्त!!" बास. लेखकाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, काही नाही.

इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. त्या माणसाने गावोगाव फिरून लिहिलं असणार आणि मी त्याचं नावसुद्धा ठेवलं नाही.

तर विचारायचं असं की तुम्ही लोक वाचलेलं कसं साठवता? ॲप कुठलं हा प्रश्न आहेच पण त्याहून जास्त, लिंकेबरोबर लिहिता काय आणि किती? आणि ही जुनी सातशे लिंकांची रास आहे तिचं काय करू?

---

कात्रणवही_सातारा

ताई, तुमची चुटपुट समजली. मी एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली, आता निवृत्त. आमच्याकडे वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवायचं काम असायचं आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी शिकवलेली गोष्ट म्हणजे कात्री हातात घ्यायच्या आधी पेन घ्यायचं. कापायच्या आधी समासात वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान. एकदा कापलं की तो कपटा कुठला हे ब्रह्मदेव पण सांगू शकत नाही. लिंकेचं तेच आहे. फरक एवढाच की कात्रण निदान हातात राहतं, लिंक म्हणजे नुसता पत्ता, घर पाडलं की पत्ता घेऊन काय करणार.

मी आता काय करतो ते सांगतो. लेख वाचून झाला की तिथेच, दुसरा लेख उघडायच्या आधी, चार गोष्टी लिहितो: कोणी लिहिलं, कुठे आलं, कधी आलं, आणि मला यातलं काय राहिलं. चौथी गोष्ट खरी. "छान", "वाचनीय", "संग्रही ठेवावा" असले शब्द मी स्वतःला बंद केलेत कारण त्यातून सहा महिन्यांनी काहीच कळत नाही. त्याऐवजी लेखातली एखादी वस्तू, आकडा, एखाद्याचं वाक्य असं लिहायचं. तुम्ही इथे आम्हाला लिहिलंत ना, म्हातारा पाटकरी, पाण्याची पाळी, भांडणं कोण सोडवायचं, तेच त्या दिवशी लिंकेखाली असतं तर लेख गेला तरी निम्मा तुमच्याकडे राहिला असता.

तुम्ही धुळ्याकडच्या म्हणून आठवलं. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात, रामदासी वाङ्मयाचे संशोधक शंकरराव देवांनी मठामठांतून गोळा केलेली जुनी बाडं आहेत, जमलं तर जाऊन बघा. बाड म्हणजे काय तर एखाद्या माणसाने आयुष्यभर जे जे आवडलं ते एकाखाली एक उतरवून घेतलेली वही. इथे अभंग, तिथे आरती, मधेच एखादं औषध. आपल्याकडे ही सवय जुनीच आहे, आता उतरवून घ्यायच्या ऐवजी लिंक चिकटवतो आणि हाताला काही लागत नाही.

आणखी एक, नावाबद्दल. व्हॉट्सॲपवर फिरणारे निम्मे मराठी लेख लेखकाचं नाव कापून फिरतात, नाहीतर भलत्याच मोठ्या माणसाचं नाव चिकटवून. मूळ कुठे छापलं ते सापडल्याशिवाय मी कुठलाही फॉरवर्ड संग्रहात घेत नाही. लेखातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हात टाकून शोधलं की बऱ्याचदा मूळ पान सापडतं. दहा मिनिटं जातात, पण लिहिणाऱ्याचं एवढं देणं लागतोच आपण.

---

मध्यरात्र_वाचक

काकांनी लिहिण्याचं सांगितलं, मी साठवणीचं सांगतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि या गोष्टीत दोनदा पोळलोय.

ताई कुठलंही ॲप घ्या पण आधी एकच बघा, आपला सगळा माल एका फाईलमध्ये बाहेर काढता येतो का. नसेल येत तर त्या ॲपच्या वाटेला जाऊ नका कितीही गोड असलं तरी. कारण या सेवा जातात. गूगल रीडर, वेगवेगळे ब्लॉग एका जागी वाचायची सेवा, १ जुलै २०१३ ला बंद झालं. लिंका साठवायचं डिलिशस २००३ ला सुरू झालं, लिंकेला टॅग (खुणेचे शब्द) लावून ठेवायची सवय खरी तिथून पसरली, २००५ मध्ये याहूने घेतलं, मग हात बदलत बदलत २०१७ ला पिनबोर्ड नावाच्या तसल्याच दुसऱ्या सेवेकडे आलं आणि नव्या लिंका घेणं थांबलं. लेख नंतर वाचायला ठेवायचं पॉकेट २००७ पासून होतं, आधी नाव रीड इट लेटर, २०१७ ला फायरफॉक्सवाल्या मोझिलाने घेतलं, ८ जुलै २०२५ ला बंद. म्हणजे मोठ्या कंपनीने घेतलं म्हणून टिकतं असं काही नाही.

म्हणून माझं सगळं एका साध्या शीटमध्ये (एक्सेलसारख्या रकान्यांच्या फाईलमध्ये) आहे. एका ओळीत एक लेख, तारीख, लेखाचं नाव, लेखक, कुठे आला, लिंक, जतन केलेल्या प्रतीची लिंक, आणि शेवटचा रकाना सगळ्यात रुंद, टिपणाचा. महिन्यातून एकदा ती फाईल उतरवून पेन ड्राइव्हवर. ज्यांना टिपणांचा एकमेकांशी संबंध जोडायचाय त्यांनी ऑब्सिडियन बघा, त्यात सगळं साध्या टेक्स्ट फाइलीत आपल्याच मशीनवर राहतं. अभ्यासासाठी वाचत असाल तर झोटेरो, फुकट आहे आणि पानाची प्रत पण काढून ठेवतं.

जतन केलेली प्रत हा भाग सोडू नका. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये तपासलं तेव्हा २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांत गायब झालेली. मराठीत तर घरगुती ब्लॉग जास्त, मला वाटतं आपली गळती कमी नसणार. लेख आवडला की इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या साईटवर, जायचं, तिथे 'सेव्ह पेज नाऊ' आहे, पत्ता टाकायचा, अर्ध्या-एक मिनिटात प्रत तयार, तिची लिंक शीटमध्ये टाकायची. फेसबुकवरच्या पोस्टी मात्र तिथे धड जतन होत नाहीत, लॉगिन मागतात, तिथे लेखकाला विचारून मजकूर कॉपी करून ठेवणं बरं.

आणि हो!! तुमचा तो बंद साईटचा पत्ता अजून असेल ना व्हॉट्सॲपमध्ये? तोच वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा. कोणीतरी कधीतरी जतन केलेलं असू शकतं, त्यांची यंत्रणा पण १९९६ पासून आपणहून वेब गोळा करत असते. आजच बघा.

अजून एक बारीकशी गोष्ट, मराठी पत्त्यांची. मराठी विकिपीडियाची लिंक कॉपी केली की देवनागरीच्या जागी टक्क्याच्या खुणा आणि आकडे-अक्षरांची लांबलचक माळ येते. एकेका अक्षरचिन्हाचे नऊ-नऊ कॅरेक्टर होतात, म्हणजे 'मराठी' एवढ्या शब्दाला म, र, काना, ठ, वेलांटी धरून पंचेचाळीस. लिंक मोडली नाहीये, चालते, पण वाचून काही कळत नाही आणि कधीकधी मेसेजमध्ये अर्ध्यात तुटते. म्हणून लेखाचं नाव वेगळं टाईप करून ठेवाच. आणि फेसबुकवरून उघडलेल्या लिंकेत प्रश्नचिन्हानंतर जे शेपूट लागतं ते बहुतेक वेळा कापलं तरी पान उघडतं, फक्त कापल्यावर एकदा उघडून बघायचं.

---

बेळगावची_लेक

मी थोडं वेगळं सांगते हं, वरच्या दोघांचं बरोबर आहे पण माझ्याच्याने ते होत नाही. सात रकाने भरायचे म्हटलं की मी वाचायचंच टाळते. वर्षभर प्रामाणिकपणे केलं, शीट भरत गेली, मी एकदाही परत उघडून वाचली नाही. साठवणं म्हणजे वाचणं नव्हे हे मला तेव्हा कळलं.

आता मी कॅनडात असते, बहीण बेळगावात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिला एक मेल लिहिते, फक्त पाच लिंका. महिनाभरात पन्नास वाचले असतील तरी पाचच. प्रत्येकाखाली तिला सांगितल्यासारखं लिहायचं की हे का वाच, कुठला परिच्छेद चुकवू नकोस, कुठे मला पटलं नाही. ती उलट लिहिते. तिचं उत्तर मी त्याच मेलखाली ठेवते. चार वर्षं झाली, आमच्याकडे दोनशेच्या वर लेख आहेत आणि मला त्यातले बहुतेक तोंडपाठ आठवतात कारण ते कोणाला तरी समजावून सांगितलेत. स्वतःसाठी लिहिताना माणूस "मस्त" लिहून मोकळा होतो, पण बहिणीला "मस्त" लिहिलं तर ती विचारणार ना, काय मस्त?

पांझराकाठची, तुझी भाची आहे की. तिलाच लिही.

लेखकाचं नाव आणि जतन प्रत या दोन गोष्टी मात्र मी आता या धाग्यानंतर सुरू करणार, ते माझ्याकडून राहत होतं.

---

दऱ्याखोऱ्या

शोधण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी ट्रेकच्या लेखांचा संग्रह करतो त्यात हे फार छळतं. 'दऱ्या', 'किनाऱ्यावर', 'पायऱ्या' यातला जो अर्धा र आहे तो टाईप करायच्या दोन पद्धती आहेत, जुन्या लिखाणात साध्या र ला हलन्त देऊन मधे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, आणि नव्या कीबोर्डवर खाली टिंब असलेला र वापरतात. डोळ्याला दोन्ही सारखंच, पण बऱ्याच ठिकाणी शोधताना एक टाकलं की दुसरं सापडत नाही. 'ॲप'मधल्या ॲ चं पण तेच. मी दोन महिने समजत होतो की माझ्या फाइलीतून नोंदी उडाल्या, त्या होत्या तिथेच.

उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला आपल्या हाताने, एकाच कीबोर्डवरून दोन-तीन खुणेचे शब्द टाकायचे आणि शक्यतो असली अक्षरं नसलेले. माझे ठरलेले आहेत: घाट, किल्ला, पाणी, वाट, माणसं. जास्त केले की कुठला लावला तेच आठवत नाही.

आणि दोन हजारच्या आगेमागे जी मराठी पानं होती ती युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या एकाच अक्षर-संकेतात, नव्हती, प्रत्येक साईटचा स्वतःचा फॉन्ट. अशा पानाची जतन प्रत मिळाली तरी अक्षरांच्या जागी रोमन लिपीतला चिखल दिसतो. घाबरू नका, मजकूर असतो त्यात, फॉन्ट ओळखता आला तर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत. थोडं हाताने दुरुस्त करावं लागतं.

---

पांझराकाठची

मंडळी, मिळाला!!! मध्यरात्र_वाचक तुमचे किती आभार मानू, तो पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकला आणि २०१६ ची एक प्रत निघाली. फोटो गेलेत, त्या जागी रिकामे चौकोन आहेत, पण मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे आणि लेखकाचं नाव पण आहे. रात्री दीडपर्यंत बसून सगळा परत वाचला, मग कात्रणवही काकांनी सांगितलं तसं दुसरं काही उघडायच्या आधी टिपण लिहिलं, आणि बेळगावच्या ताईंचं ऐकून भाचीलाच उद्देशून लिहिलं. इथे देते, कसं झालंय सांगा:

"सई, हा लेख पिंपळनेरकडच्या फडांवर आहे. नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालचं शिवार चार फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एकदम देता येतं आणि वाया जात नाही. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, आपल्या शेताला शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचं नाही. तिसरा परिच्छेद नक्की वाच, त्यात पाटकरी सांगतो की रात्री पाटाच्या आवाजावरून त्याला कळायचं कुठे फुटलाय. मला एक कळलं नाही, उन्हाळ्यात नदी आटली की ते कोणाचं पाणी आधी तोडायचे. हे आजोबांना विचार आणि मला सांग."

लेखकाचं नाव, जुनी लिंक, प्रतीची लिंक आणि प्रतीची तारीख खाली टाकलीये. खुणेचे शब्द: पाणी, फड, साक्री.

जुन्या सातशेंचं ठरवलंय, रोज दहा उघडून बघणार, ज्याचं एक वाक्य तरी आठवतं त्याचंच टिपण करणार, बाकी जाऊ दे. पहिल्या दहातल्या चार बंद निघाल्या, पैकी तिघांची प्रत मिळाली.

---

कात्रणवही_सातारा

टिपण उत्तम झालंय ताई. दोनच गोष्टी. आजोबांचं उत्तर आलं की ते त्याच नोंदीखाली लिहा, तारीख आणि त्यांच्या नावासकट, कारण ते कुठल्याच साईटवर मिळणार नाही. आणि फोटो गेलेत म्हणता तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बंधाऱ्याचा आणि पाटाचा एकेक फोटो काढा आणि त्याच ओळीत जोडून ठेवा. पाऊस संपल्यावर जा, तेव्हा पाट वाहता असेल.