पिन१ प्रथिन नसूनही अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या गर्भाला मूळ कसं येतं?

प्रश्न: पिन१ म्युटंटमध्ये (ते जनुक बिघडलेल्या रोपात) बीजपत्रं जोडलेली दिसतात, मूळ मात्र ठीक. ऑक्झिन (वनस्पतींचं वाढीचं संप्रेरक) वाहून नेणारं प्रथिनच नाही, मग हे कसं?

उत्तर १: पिन४ आणि पिन७ ही त्याच कुटुंबातली प्रथिनं भार उचलतात. आधी पिन७ ऑक्झिन वर ढकलतं. गर्भ साधारण ३२ पेशींचा झाला की दिशा उलटते, ऑक्झिन हायपोफिसिसमध्ये (गर्भाच्या तळाच्या पेशीत) साठतं आणि तिथून मूळ घडतं. चारही पिन (१, ३, ४, ७) घालवा, मग बघा गर्भाची दैना!

उत्तर २: बिनमुळाचं रोप हवं तर मोनोप्टेरॉस म्युटंट घ्या. तिथे ऑक्झिनचा हुकूम पाळणारं जनुकच बिघडलेलं असतं.

उत्तर ३: असे गर्भ स्वतः बघायचे तर, विषमयुग्मी (जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली) झाडाच्या शेंगेत सुमारे पाव गर्भच बिघडलेले मिळतील. सूक्ष्मदर्शकाखाली आतला गर्भ दिसावा म्हणून बीजांडं ८ ग्रॅम क्लोरल हायड्रेट, १ मिली ग्लिसरॉल, २ मिली पाण्यात पारदर्शक करा. जीएफपी (हिरवं चमकणारं खूण-प्रथिन) बघायचं असेल तर हे द्रावण नको, चमक जाते.