गोलीवरचं दडपण: खेळाचं की धंद्याचं?

निळीरेघ

आइस हॉकी न बघणाऱ्यांसाठी आधी थोडंसं. सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळं. समोरून रबराची चकती, म्हणजे पक, कधीकधी ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वेगाने येतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगमधला चांगला गोली, म्हणजे गोलरक्षक, शंभरातले नव्वद-एक्याण्णव फटके अडवतो आणि लोक उरलेल्या नऊ-दहांवर त्याला ओळखतात. हे खेळातच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती जेरेमी स्वेमनचं जे झालं त्याबद्दल. हा बॉस्टन ब्रुइन्सचा गोली. २०२२-२३ मध्ये संघाने लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाल्ले, म्हणून त्याला आणि लिनस उलमार्कला मिळून जेनिंग्ज ट्रॉफी मिळाली. त्याच उन्हाळ्यात पगारावर एकमत होईना, म्हणून प्रकरण लवादापुढे गेलं. तिथे खेळाडूची बाजू सांगते की हा महाग का, आणि संघाची बाजू, तो समोर बसलेला असताना, सांगते की हा तितका महाग का नाही. काल ज्याच्या पाठीवर थाप मारली त्याच्याच उणिवा आज कागदावर मांडायच्या. निकाल लागला वर्षाला ३४ लाख ७५ हजार डॉलरचा. बाहेर आल्यावर स्वेमनने सांगून टाकलं की यातून पुन्हा जायची इच्छा नाही.

जून २०२४ मध्ये उलमार्कला ओटावाला धाडलं. आता मुख्य गोली स्वेमन एकटाच. नवा करार मात्र होईना. सरावशिबिर अख्खं संपलं तरी तो बाहेरच. तेव्हा ब्रुइन्सचे अध्यक्ष कॅम नीली (हे स्वतः त्याच संघाचे जुने नामांकित खेळाडू!) भर पत्रकार परिषदेत बोलले की मी असतो तर आत्ता मैदानात उतरायला माझ्याकडे ६ कोटी ४० लाख कारणं असती (म्हणजे तेवढे डॉलर). एजंटने लगेच कळवलं की हा आकडा त्याआधी आम्हाला कोणी दिलेलाच नव्हता. पुढे आठवड्याभरात ८ वर्षं, ६ कोटी ६० लाख डॉलर, असा करार झाला. तयारीविना उतरलेल्या स्वेमनचा मोसम कसा गेला? हजारात ८९२ फटके अडवले. नोव्हेंबरात कोचला काढलं, संघ प्लेऑफच्या बाहेर राहिला.

२००४-०५ चा अख्खा मोसम मालक-खेळाडू भांडणात रद्द झाला आणि त्यानंतर पगारमर्यादा, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची कमाल मर्यादा, आली. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. गोलीला दिलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कुणाच्या वाट्याचा, त्यामुळे प्रेक्षकसुद्धा कारकुनासारखा वजाबाकी करत बसतो. गोल गेला की "एवढे पैसे कशाला?" माझ्या मते हे दडपण पकपेक्षा वाईट आहे आणि ते पूर्णपणे धंद्याने आणलेलं आहे.

हिशेबनीस

असहमत. ६ कोटी ६० लाखांत दडपणाची किंमत धरलेलीच असते. शिबिराला न जाण्याचा निर्णय स्वेमनचा होता, त्याला कोणी कोंडून ठेवलं नव्हतं. धंदा फक्त मालक करतात आणि खेळाडू बिचारे भजन करतात असं चित्र नका रंगवू. लवाद तर खेळाडूंच्या हातातलं हत्यार आहे. ते नव्हतं तेव्हा मालक देईल ते घ्यायचं, नाहीतर घरी बसायचं, असा कारभार होता.

खडकी बाजार

हिशेबनीसांशी निम्मा सहमत. निळीरेघराव, एनएचएलचा जुना गोली ग्लेन हॉल विसरलात? १९५५ ते १९६२, सलग ५०२ सामने, तेही तोंडावर मास्क नसताना. आणि सामन्याआधी ओकारी व्हायची हे तो स्वतःच सांगायचा. तेव्हा कुठली पगारमर्यादा आणि कुठले एजंट? सहा संघ, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गोलीच्या नोकऱ्या सहाच. एक वाईट आठवडा गेला की खालच्या लीगमधला कोणीतरी बॅग भरून तयार. बरं, पुढे शिकागोकडे असताना दर हिवाळ्याआधी हा गडी शिबिराला उशिरा यायचा. कारण काय, तर अल्बर्टातल्या शेतावर कोठाराला रंग द्यायचाय. स्वेमनने निदान असलं कारण तरी सांगितलं नाही.

आणि आपल्याकडचं बघा. १९८२ चं दिल्ली एशियाड, मैदानी हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७. गोलरक्षक मीररंजन नेगी. ना कोट्यवधीचा करार, ना लीग, ना जाहिराती. तरी माणसावर पैसे खाऊन सामना सोडल्याचे आरोप झाले आणि कित्येक वर्षं ते त्याच्या मागे लागले. १६ वर्षांनी बँकॉक एशियाडमध्ये सुवर्ण मिळालं त्या संघाचे गोलरक्षक-प्रशिक्षक नेगीच. तिथे पेनल्टी शूटआउटमध्ये आशिष बल्लाळने सोनं राखलं, आणि मग लगेच बल्लाळ आणि आमचा खडकीचा धनराज पिल्ले दोघेही संघाबाहेर! धंदा असता तर निदान करार तरी हातात असता. गोलरक्षकाला सुळावर द्यायला पैसा लागत नाही हो, सात गोल पुरतात.

ईटोबिकोकरीण

खडकी बाजार, नेगींचं उदाहरण बिनतोड. पण एक मुद्दा निसटतोय. तेव्हा शिव्या देणारा माणूस हरल्याच्या दुःखाने शिव्या देत होता. आता टोरांटोत माझ्या शेजारी बसलेला माणूस संघ जिंकला तरी गोलीला शिव्या घालतो, कारण त्याने "आज हा २७ च्या वर फटके अडवणार" यावर पैसे लावलेले असतात आणि समोरच्यांनी फटकेच कमी मारले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेटिंगवरची केंद्रीय बंदी उठवली आणि त्याच वर्षी एनएचएलने एमजीएम या कॅसिनो कंपनीशी करार केला. आमच्या ऑन्टारियोत एप्रिल २०२२ पासून खासगी कंपन्या उतरल्या. सामना लावला की बर्फाच्या कडेच्या फळ्यांवर, मध्यंतरात, सगळीकडे त्याच जाहिराती. प्रेक्षकाच्या हातात गोलीचा भाव ठेवणारा धंदा हा. यातले पैसे लीगही घेते. त्याला परंपरा म्हणू नका.

माझा मुलगा गोली आहे, लहान गटात. खर्चाचं तर बोलायलाच नको. पण स्टँडमध्ये इतर आईबाप जे बोलतात ते ऐकून मी हल्ली दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. तिथे कसला आलाय धंदा, हेही खरंच.

झांबोनी

अवांतर: दडपणमुक्त गोली हवा असेल तर डेव्हिड एर्स. फेब्रुवारी २०२०, वय ४२, किडनी बदललेली, बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवणारा माणूस. कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले म्हणून टोरांटोविरुद्ध उतरवला. पहिले दोन फटके आत, पुढचे आठ अडवले, ६-३ ने जिंकला. एका गोलीवरच संसार चालवणाऱ्या संघमालकांनी हे पाहून रडावं की हसावं?

निळीरेघ

झांबोनी 😀 टोरांटोवाल्यांसमोर अजून आठवण काढून बघा.

खडकी बाजार, दडपण आधी नव्हतं असं मी कुठे म्हटलं? बदललंय काय ते विचारतोय. रॉबिन लेनर घ्या. मार्च २०१८, बफेलोकडून खेळताना सामन्याच्या मधेच पॅनिक अटॅक. मग व्यसनमुक्ती, बायपोलरचं निदान. सप्टेंबरात त्याने सगळं स्वतः लिहून जाहीर केलं. न्यूयॉर्क आयलंडर्सने एका वर्षाच्या, १५ लाखांच्या करारावर घेतला. त्याने काय केलं? हजारात ९३० अडवले, जेनिंग्ज घेतली, चिकाटीची मास्टरटन ट्रॉफी घेतली, आणि व्यासपीठावरून सांगितलं की मी मानसिक आजारी आहे, मनाने दुबळा नाही. टाळ्या कडाडल्या. काही दिवसांत आयलंडर्सने चार वर्षांचा करार दिला तो दुसऱ्या गोलीला, सेमियन वार्लामोव्हला. लेनर पुन्हा एका वर्षाच्या करारावर, या वेळी शिकागोत. टाळ्यांना पगारमर्यादा नसते, एवढंच.

हिशेबनीस

लेनरला पुढच्याच वर्षी व्हेगासने ५ वर्षं आणि अडीच कोटी डॉलर दिले, ते का गाळलंत? सोयीचं तेवढंच सांगू नका.

शिवाय त्याच्यावर उपचार झाले ते लीग आणि खेळाडू-संघटना मिळून चालवतात त्या मदत-योजनेतून. १९९६ पासून आहे ती. गोली केरी प्राइसही २०२१ मध्ये त्यातूनच गेला. माँट्रियलला स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत नेऊन झाल्यावर, दारूच्या त्रासासाठी. ही योजना कशातून उभी राहिली? धंद्यातूनच. ग्लेन हॉलला बादली होती.

प्राइसचा करार ८ वर्षांचा, ८ कोटी ४० लाखांचा. गुडघा गेला. एप्रिल २०२२ नंतर एकही सामना नाही. तरी पैसे थांबले नाहीत. निवृत्ती जाहीर केली असती तर थांबले असते, म्हणून तो कागदावर जखमी खेळाडूच राहिला, आणि ते अगदी योग्य. माझ्या ऑफिसात पाठ धरली तर एचआर काय करतं ते मला विचारा.

ईटोबिकोकरीण

आणि तोच करार सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन होझेच्या संघाला दिला गेला ना? त्या वर्षीचा ५५ लाखांचा बोनस माँट्रियलने देऊन टाकला आणि मग उरलेला करार पाठवला, वर ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांतली, एक निवडही. माणूस घरी, त्याचा करार कॅलिफोर्नियात. कोणाचं नुकसान झालं नाही हे मान्य. पण ज्याच्या नावावर शहराने पंधरा वर्षं उड्या मारल्या त्याची शेवटची बातमी ही अशी, पगारमर्यादेत जागा मोकळी करण्याच्या रकान्यातली. तुम्हाला खरंच काहीच वाटत नाही, हिशेबनीस?

हिशेबनीस

नाही वाटत, ताई. प्राइसलाही वाटलं असेल असं गृहीत धरू नका.

मूळ मुद्द्याकडे येतो. लवादाची सुनावणी बंद दाराआड होते, आणि बहुतेक प्रकरणं तिथवर जायच्या आधीच मिटतात. आकडा चव्हाट्यावर आणला तो नीलींनी, माइकसमोर. म्हणजे धागालेखकाची तक्रार एका माणसाच्या तोंडाबद्दल आहे. तिला धंद्याचं नाव कशाला?

निळीरेघ

ते तोंड संघाच्या अध्यक्षाचं आहे आणि ऐकणारे तिकीटवाले होते. बंद खोलीत भाव उतरेना, म्हणून तो प्रेक्षकांकरवी उतरवायचा प्रयत्न केला. वाटाघाटीची ती जुनीच रीत आहे, नीलींची जीभ घसरली असं मला अजिबात वाटत नाही. बचावपटूवर हे केलं असतं तर तो निदान गर्दीत लपला असता. गोलीला साठ मिनिटं त्याच लोकांसमोर एकट्याने उभं राहायचं असतं, आणि त्या लोकांना आता आकडा पाठ आहे.