पाणाड्याच्या नारळावर अर्धं पान: संपादकांना काय लिहायचं?

पाटपाणी:
गोव्यातल्या एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत पाणाड्यावर, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणाऱ्यावर, अर्धं पान आलंय. तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवून चालायचं, तो उभा राहिला की खाली झरा. ‘आजवर शेकडो विहिरी, एकही कोरडी नाही’ हे वाक्य बातमीदाराने स्वतःचंच म्हणून लिहिलंय, अवतरणचिन्हंसुद्धा नाहीत. शेवटी चौकटीत मोबाईल नंबर! उन्हाळ्यात सत्तरी-पेडण्यात बोअर मारायची घाई असते, म्हणजे हे वाचून लोकांचे पैसे जाणार. पत्रात काय लिहिलं तर छापतील? नाही छापलं तर पुढे काय? आणि नारळ उभा का राहतो ते कोणीतरी नीट सांगा, पहिला प्रश्न तोच येणार.

जांभाचिरा:
सोललेला नारळ जवळजवळ गोल असतो. आडव्याचा उभा होताना त्याचा गुरुत्वमध्य जेमतेम वर सरकतो, म्हणून जोर लागतच नाही. तळव्याची वाटी किंचित आवळली, बोटं जराशी कलली की झालं. ‘इथं असणार’ असं मनात आलं की स्नायू आपसूक हलतात, करणाऱ्याला पत्ताही नसतो. कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये हे नोंदवून ठेवलंय. तेव्हा पत्रात ‘ढोंग’, ‘लुबाडणूक’ नको. पाणाड्या स्वतः प्रामाणिक असू शकतो, आणि त्याला लबाड म्हटलंत की वाद त्याच्या स्वभावावर जातो, नारळ सुटतो.

खरी गोम ‘एकही कोरडी नाही’ मध्ये आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र, त्यातून झिरपलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं. सखल भागात डोळे मिटून खणलं तरी बऱ्याचदा पाणी लागतं. बातमीदाराने विचारायला हवं होतं ते वेगळंच: किती मीटरवर, मे अखेर पंप किती वेळ चालतो, किनाऱ्याजवळ असेल तर गोडं की मचूळ? आणि वाया गेलेल्या बोअरची नोंद कुणाकडे आहे? ज्याची कोरडी गेली तो काही पुरवणीला फोन करत नाही.

‘मग शास्त्रीय उपाय काय’ असं विचारतील. विद्युतरोध मापन. चार खुंट्या एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींमधला व्होल्टेज मोजायचा. खुंट्यांमधलं अंतर वाढवत गेलं की खोलवरचा अंदाज येतो. कोरड्या जांभ्यावर खुंटीचा जमिनीशी नीट संपर्क होत नाही, म्हणून बुडाशी मिठाचं पाणी ओततात. यातही फसगत होते: पाणी धरलेल्या थराचा रोध कमी येतो, पण चिकणमाती आणि खारं पाणीही कमी रोध दाखवतात, मापं वाचणाऱ्याला वाटतं गोडं पाणीच. म्हणून आसपासच्या विहिरींची पातळी सोबत बघावीच लागते. हे लपवू नका, पत्रात लिहा.

डेस्कवरचा:
पत्र १५० ते २०० शब्दांचं. पहिल्याच ओळीत तारीख, पान, मथळा. सुरुवात नारळाने करू नका. बोअर मारायला गोवा भूजल नियमन कायदा, २००२ खाली आधी परवानगी लागते, आणि तुम्ही सांगताय त्यावरून लेखात त्याची ओळही दिसत नाही. ही उणीव कुठलाच संपादक नाकारू शकत नाही. मग एकच दावा धरा, ‘एकही कोरडी नाही’, आणि याची पडताळणी कशी केली एवढंच विचारा. मोबाईल नंबराचंही विचारा: पैसे घेऊन छापलं असेल तर ती जाहिरात, आणि जाहिरात तशी दिसली पाहिजे.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पत्रात घुसडू नका, तो इथे लागू नाही. १९५४ चा चमत्कारी उपचारांचा कायदाही रोगांवरच्या औषधांच्या आणि तोडग्यांच्या जाहिरातींसाठी आहे, नारळाला लावता येत नाही.

दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिल. दैनिकाविरुद्धची तक्रार छापल्यापासून २ महिन्यांत जायला हवी, आणि त्याआधी संपादकाला लेखी कळवलेलं असायला हवं. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, उत्तराची वाट बघण्यात मुदत संपते. १५ दिवस थांबा, मग पाठवा. सोबत मूळ कात्रण, त्याचं इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार, आणि प्रकरण न्यायालयात नसल्याचं निवेदन. कौन्सिल दंड करत नाही, समज देते किंवा ठपका ठेवते. गंमत म्हणजे विज्ञाननिष्ठा मानणाऱ्या संपादकांनी राशिभविष्यसुद्धा टाळावं असं तिचीच आचारसंहिता सांगते. छापतात सगळे!

दहाबादल्या:
पत्राच्या शेवटी चाचणीचा प्रस्ताव द्या. झाकणाच्या १० बादल्या, एकीत पाणी, बाकीच्यांत तेवढ्याच वजनाची कोरडी वाळू. कोणत्या बादलीत पाणी ते चिठ्ठी काढून ठरवायचं. ठेवणारा माणूस नंतर तिथे थांबता कामा नये, त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. अशा १० फेऱ्या. निव्वळ नशिबाने सरासरी १ बरोबर येईल, ४ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे १.३ टक्के. किती आले तर मान्य, हे आधीच लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि सगळ्यात आधी एक उघडी फेरी: पाणी कुठे ते दाखवून नारळ उभा राहतो का बघायचं, ‘आज शक्ती चालतेय’ हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. नाहीतर नंतर अमावास्या आडवी येते.

२००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी ज्योतिषाची चाचणी अशाच शिस्तीत घेतली. २०० पत्रिका, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. उत्तरं पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात.

पाटपाणी:
परवानगीवरून सुरू करतो. एक शंका: लेखात ‘वाहतं पाणी’ म्हटलंय. बादलीतलं साचलेलं आहे म्हणून हात वर करतील.

दहाबादल्या:
मग ३ पाईप मातीखाली समांतर पुरा, प्रत्येकाला व्हॉल्व्ह, एका वेळी एकातूनच पाणी. वाहत्या पाण्याचा आवाज येतो, म्हणून शेजारी जनरेटर चालू ठेवा. सांध्यातून गळलं तर वरची माती ओली दिसते आणि फेरी फुकट जाते, तेव्हा आदल्या दिवशी तिन्ही भरून बघा. इथे नशिबानेच तिनात एक बरोबर येतो, त्यामुळे १० पैकी ४ ला काही अर्थ नाही. निदान ८ मागा.