जिना उतरताना गुडघा दुखतो: रोजची २० मिनिटं, एकच व्यायाम सुचवा

मृण्मयी
वय ५४. उजवा गुडघा गेले आठ महिने कुरकुरतोय. चढताना फारसं जाणवत नाही, उतरताना मात्र वाटीच्या मागे कळ येते. खुर्चीत बसून पाय सरळ करताना वाटीवर तळहात ठेवला, तर आत वाळू रगडल्यासारखी हाताला लागते. सूज नाही. सकाळी आखडतो, पण दहा मिनिटांत मोकळा होतो. एक्सरे काढला. ग्रेड २, झीज सुरू झाली आहे, मांडीचे स्नायू बळकट करा, असं डॉक्टर म्हणाले. कसे, ते विचारायचं राहून गेलं.
माझ्याकडे रोज २० मिनिटं आहेत, वर एकही नाही. घरात यंत्राला जागा नाही, बाहेर जाणं जमणार नाही. एकच व्यायाम सांगा, रोज नेमाने होईल असा.

पाणकोंबडा
पोहणं! छातीइतक्या पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी पायांवरचा भार निम्म्याहून कमी होतो. मी चार वर्षं जातोय. जाऊन येऊन दोन तास मोडतात, पण गुडघ्याचं नाव काढलेलं नाही. ब्रेस्टस्ट्रोक तेवढा टाळा, त्यात गुडघा आडवा पिळतो.

सेंटरहाफ
जागेवरची सायकल घ्या. मी २३ व्या वर्षी मैदानात पाय रोवून गर्रकन वळलो, आतून टक् आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, तुटला होता. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने गेले, सायकलनेच उभा केला. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा जरासा वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा.

मृण्मयी
दादा, यंत्र नको असं वर लिहिलंय.

सेंटरहाफ
घडी होणारी मिळते.

अबोली
ताई, मी सांध्यांसाठी ग्लुकोसामाईनच्या गोळ्या घेते, तीन वर्षं झाली. आणि नी-कॅप. जिन्याचं नाव काढू नका, लिफ्टच वापरा.

विदिशा
ग्लुकोसामाईनची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्या रुग्णांचा मिळून हिशेब केल्यावर औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नाही. नी-कॅपने आधार वाटतो, स्नायू वाढत नाही.

अबोली
मला फरक पडलाय, एवढं मी सांगू शकते.

रानवाट
तो कटकट आवाज आधी थांबवा. बोटं मोडणाऱ्यांना पुढे संधिवात होतो, आमच्या घरात सगळे सांगतात.

विदिशा
नाही होत. बोट ओढलं की सांध्यातल्या वंगणद्रवात वायूची पोकळी तयार होते, तो आवाज तिचा. पुन्हा तसाच काढायला साधारण २० मिनिटं थांबावं लागतं. डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, संधिवात दोन्ही हातांना झाला नाही. त्याबद्दल २००९ चा इग नोबेल मिळाला. एका माणसाचा प्रयोग आहे, तेवढ्याच वजनाने घ्या. गुडघ्यातली चुरचुर वेगळी, ती घासण्याची. पण दुखत नसेल तर तिलाही घाबरू नये.

रानवाट
आमचे आजोबा तरी सांगायचे.

दोन्ही_बदलले
माझे दोन्ही गुडघे बदललेत. दुखतं म्हणून आधी पाच वर्षं हललेच नाही. मांड्या इतक्या वाळल्या, की नवा सांधा बसला तरी स्वतःच्या पायावर उठता येईना. वर्षभर दुखऱ्या बाजूच्याच हातात काठी धरत होते! काठी विरुद्ध हातात धरायची, हे कुणी सांगितलंच नाही. पोरी, बसून राहू नकोस.

तळहात
मी फिजिओथेरपिस्ट आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात ब्रेकचं काम करतो, आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. तिच्या मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, शरीरातली सर्वांत जाड. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, दाब पडणं आणि सुटणं यातूनच तिला पोषण मिळतं. म्हणून पूर्ण विश्रांती नको. उताणं झोपून, गुडघा सरळ ठेवून पाय वीतभर उचला, पाच सेकंद धरा, सावकाश खाली आणा. दहाचे तीन फेरे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं दिसलं तर फेरे कमी करा. गुडघा अडकून बसला किंवा अचानक दगा देऊ लागला तर तपासून घ्या. लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अबोली
सरळ पाय उचलण्याला +१. जिना मात्र नकोच.

पाणकोंबडा
+१. शिवाय पोहणं.

मृण्मयी
सगळ्यांचे आभार. ठरवलंय, आणि बहुतेकांना पटणार नाही. मी उतरण्याचाच सराव करणार आहे. कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवून मोजलेले आकडे वाचले: सपाट चालताना वजनाच्या अडीच पटीहून जास्त भार, उतरताना जवळपास साडेतीन पट. कामाच्या ठिकाणी लिफ्ट नाही, दिवसातून सहा वेळा उतरायचंच आहे. जे करायचंय तेच शिकते. चार बोटं उंचीची लाकडी फळी, हात भिंतीला, उजवा पाय फळीवर, डाव्याची टाच जमिनीला टेकेपर्यंत पाच आकडे मोजायचे.

अबोली
ताई, जिना?!

तळहात
चालेल. गुडघा आत झुकू देऊ नका, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू दे. आरशासमोर करा.

मृण्मयी
आजचा एकोणिसावा दिवस. पहिल्या आठवड्यात गुडघा आत पडायचा, आरशात स्पष्ट दिसायचं. आता पाचऐवजी आठ मोजते. चुरचुर आहे तशीच आहे. काल दुसऱ्या मजल्यावरून कठड्याला हात न लावता उतरले, शेवटच्या तीन पायऱ्यांना कळ आली.

सेंटरहाफ
सायकलचा विचार अजूनही करा.