सायकल जवळ येताच घोडी बुजते, काय करावे? (मदत हवी आहे)

पांदणवाट:
आर्वी तालुक्यातील आमच्या गावापासून शाळेपर्यंत मी रोज सायकलने जातो. वाटेत एक गृहस्थ लग्नसराईची घोडी फिरवत असतात. मी जवळ पोहोचताच ती दर वेळी बुजते. काल तर ती मागचे पाय झाडत अशी आडवी फिरली की मी सायकलसकट पऱ्हाटीत जाऊन पडलो. घंटी वाजवावी की नाही, एवढेच सांगावे. सोमवारी पुन्हा जायचे आहे.

चाकजोड:
आपण मागून येत होता की समोरून? ते घोडीवर बसलेले होते की लगाम धरून चालत होते?

जुनाघंटा:
घंटी वाजवावीच. बैल, म्हैस, माणूस, सगळे घंटीनेच बाजूला होतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

लगाम_ढिला:
बैल बाजूला होतो, घोडा उधळतो. दोघांना एका दावणीला बांधू नका. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही, आणि तेथून सायकलीसारखे बिनआवाजाचे काही एकाएकी उगवले की आधी पळायचे व मग पाहायचे, हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून लांबूनच "भाऊ, उजवीकडून येतो" अशी हाक द्यावी. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत 2022 पासून घोड्याजवळून जाणाऱ्या वाहनचालकांना ताशी 10 मैलांहून कमी वेग आणि किमान 2 मीटर अंतर ठेवण्यास सांगितले आहे.

जुनाघंटा:
आमची पांदणच जेमतेम 3 मीटरची आहे. त्यात घोडी, सायकल आणि ब्रिटनचे 2 मीटर कसे बसवायचे?

लगाम_ढिला:
मग उतरून सायकल हातात धरावी.

काळीमाती:
बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी घालून घ्यावी. माझी सायकल वर्षभर पंक्चर झालेली नाही.

पांदणवाट:
काट्यांचे विचारले नव्हते. मी मागून येतो आणि ते घोडीवर बसलेले असतात. मी बेफाम जात नाही. जवळ आल्यावर पायडल थांबवून हळूच पुढे सरकतो.

चाकजोड:
तेथेच तर घोटाळा आहे! पायडल थांबले की फ्रीव्हीलची कटकट सुरू होते, तीही नेमकी घोडीच्या पाठीमागे. वेग लांबूनच कमी करावा, हाक द्यावी, त्यांनी होकार दिल्यावर पायडल हळू मारत राहूनच पुढे जावे.

पांदणवाट:
आत्ताच मागचे चाक उचलून फिरवून पाहिले. खरोखरच वाजते, इतक्या वर्षांत कधी लक्षात आले नव्हते. सोमवारी हाक देऊन पाहतो.

जुनाघंटा:
घंटी काढून मात्र टाकू नका.